जुनी पद्मिनी: मागच्या एक्सलला प्ले (ढिलाई) आहे, पण नेमका कुठला?

पन्हाळी_वारा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आता मी चालवतो. गाव कोल्हापूर. गाडी रोज बाहेर निघत नाही, पण महिन्यातून दोनदा गगनबावड्याकडे जातेच. इंजिन, गिअरबॉक्स उत्तम. त्रास मागच्या बाजूचा आहे.

पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की मागून 'खट्' असा आवाज येतो. रिव्हर्स टाकला की जास्त. चालत्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून परत दाबला तरी येतो. दुसरं म्हणजे मागच्या डाव्या चाकाचं ऑइल सील दीड वर्षात तीनदा बदललं. दर वेळी चार-पाच महिन्यांत ड्रममध्ये ऑइल उतरतं, लायनर भिजतात आणि ब्रेक मारला की गाडी ओढते.

परवा एका गॅरेजमध्ये जॅक लावून चाक हलवून बघितलं. मिस्त्री म्हणाले, "डिफरन्शियल गेलं. भंगारातून अख्खं हाउसिंग आणून घालू." हाउसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांमधली, डिफरन्शियलचे गिअर आणि एक्सल असलेली अख्खी पेटी. त्यांनी काही मोजलं नाही, हाताने हलवूनच सांगितलं. तीन महिन्यांत आरसी नूतनीकरण आहे, गाडी आरटीओला न्यायची आहे. भंगारातलं हाउसिंग माझ्यापेक्षा बरं असेल याची खात्री कोण देणार? प्ले किती चालतो, आणि तो नेमका कशाचा आहे हे घरी कळू शकतं का?


हमरस्ता | सोमवार, रात्री १०:१५

आमच्या जुन्या गाडीला असाच खटका होता. मेस्त्रींनी जॉइंट (गिअरबॉक्सपासून मागे जाणारा फिरता दांडा) खाली घेतला आणि पिनियनचा (त्याच्या टोकाच्या छोट्या गिअरचा) नट अर्धा फेरा आवळला. आवाज लगेच कमी झाला. आधी ते करून बघा, खर्च काहीच नाही.


गॅरेजकट्टा | सोमवार, रात्री ११:०५

हमरस्ता साहेब, कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका. मी सांगलीला चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. पिनियनचा नट प्ले काढायला नसतोच. त्या नटाने पिनियनच्या दोन बेअरिंगांवर किती दाब राहायचा ते ठरतं. काही गाड्यांत मध्ये चेपणारा स्पेसर असतो, काहींत शिम (पातळ चकत्या). नट जास्त आवळला की बेअरिंगवर नको इतका दाब येतो, ती तापतात आणि मग ओरडायला लागतात. क्राउन (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) आणि पिनियनच्या दातांमधला प्ले त्याने कमी होत नाही, तो क्राउन बाजूला सरकवून लावावा लागतो. नट खरोखर सैल झालेला असेल तर गोष्ट वेगळी, पण तेही आधी बघून ठरवायचं.

पन्हाळी दादा, तुमच्या पोस्टमध्ये दोन आजार आहेत आणि तुम्ही ते एक समजताय. खट् आवाज हा फिरण्यातला प्ले. सील पुन्हापुन्हा जाणं हा चाक हलण्यातला प्ले. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. आवाज घाबरवतो, पण मला काळजी वाटते ती सीलची. कारण उद्या सकाळी लिहितो.


तिरफळ | मंगळवार, सकाळी ७:२०

काकांशी सहमत. माझ्याकडे रत्नागिरीत जुनी महिंद्रा जीप आहे. तिलाही क्लच सोडला की खट् व्हायचं. दोघांनी डिफरन्शियलच सांगितलं होतं. शेवटी निघालं काय, तर उजव्या हबची चावी! जीपचा एक्सल टोकाला निमुळता असतो, त्यावर हब बसतो, मध्ये चावी आणि बाहेरून नट. नट कधीतरी सैल राहिला होता, चावीची खाच रुंद झाली आणि गाडी पुढे-मागे घेताना हब एक्सलवर जरासा फिरायचा. वरची टोपी काढून एक्सलच्या टोकावर आणि हबवर मिळून खडूची एक रेघ मारली, मुलाला गाडी पुढे-मागे घ्यायला सांगितलं, तर रेघ तुटलेली दिसली. एवढ्यावर निदान झालं.

पद्मिनीचा एक्सल असा नसतो हे माहीत आहे. खडूची युक्ती मात्र कुठेही चालते म्हणून लिहिलं.


गॅरेजकट्टा | मंगळवार, सकाळी ८:३०

आता सविस्तर. पद्मिनीत एक्सल शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला एक बॉल बेअरिंग असतं. त्याची बाहेरची कडा हाउसिंगच्या टोकाला पट्टीने आवळलेली. आतली कडा शाफ्टवर, एका बाजूला शाफ्टचाच खांदा आणि दुसऱ्या बाजूला एक पोलादी रिंग. ही रिंग गरम करून प्रेसने चढवलेली असते. तिला ना आटे, ना पिन, ना सर्क्लिप. नुसत्या घट्टपणावर बसलेली. आणि चाक, ड्रम, शाफ्ट हे सगळं गाडीत टिकून राहतं ते त्या रिंगमुळे.

रिंग सरकली की शाफ्ट बाहेरच्या बाजूला येऊ लागतो. आधी मिलिमीटरभर. मग सीलची ओठी शाफ्टवर पुढे-मागे घासते आणि ऑइल सोडते. लोक सील बदलतात. सील बिचारं नवंच असतं, शाफ्ट हलतोय म्हणून ते टिकत नाही. पुढे कधीतरी वळणावर चाक शाफ्टसकट बाहेर. माझ्या गॅरेजला अशी गाडी टोचन करून आलेली आहे, मागचं चाक ड्रमसह मडगार्डच्या बाहेर आलेलं. त्या वेळी गाडीचा वेग कमी होता म्हणून माणसं वाचली. म्हणून सांगतो, खालची तपासणी होईपर्यंत घाटात जाऊ नका. गावातही नको.

तपासणी अशी करा. सपाट जमीन. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी अडण, कारण हँडब्रेक सोडायचा आहे. मागे हाउसिंगखाली दोन घोड्या (पोलादी स्टँड). विटा, ठोकळ्यांची चळत, नुसता जॅक, यातलं काहीही चालणार नाही.

आधी चाक वर आणि खाली धरून ढकला-ओढा. खटका जाणवला तर एकाला आत बसून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ड्रम बॅक प्लेटला धरला जातो, म्हणून प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा किंवा शाफ्टचा. ब्रेक दाबूनही राहिला तर हाउसिंगच कमानीवर (पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) हलतंय: यू बोल्ट, कमानीचे बुश, शॅकल बघा. मग चाक दोन्ही हातांनी सरळ तुमच्याकडे ओढा आणि आत ढकला. धड बेअरिंग असेल तर हाताला जेमतेम कळेल न कळेल इतकंच हलतं. स्पष्ट 'टक' करून बाहेर आलं तर त्याच दिवशी एक्सल खाली घ्या.


मोजमाप_ताई | मंगळवार, दुपारी १:५०

मी भोसरीला गिअर तपासणीत काम करते, दिवसभर हेच मोजत असते. काकांनी चाकाचं सांगितलं, मी फिरण्याचं सांगते.

"चाक एवढं हलतंय म्हणजे क्राउन-पिनियन गेला" असं सर्रास म्हणतात. हिशोब करून बघू. दातांमधला प्ले अशा गाड्यांत साधारण ०.१ ते ०.२ मिमी ठेवतात. समजा ०.१५ धरला आणि क्राउनचा व्यास १६ सेंमी धरला. टायरची त्रिज्या ३० सेंमी. दातावरचे ०.१५ मिमी टायरच्या कडेला जेमतेम अर्धा मिलिमीटर दिसतील. एक चाक जमिनीवर ठेवून दुसरं हलवलं तर डिफरन्शियलमुळे हलणारं चाक क्राउनच्या दुप्पट फिरतं, म्हणून तो एक मिलिमीटरच्या आसपास. दात झिजून प्ले तिप्पट झाला तरी टायरवर साडेतीन मिमीच्या आत. तेव्हा टायर दोन बोटं फिरतोय आणि दोष क्राउन-पिनियनचा, हे गणितात बसत नाही. तो प्ले दुसरीकडून येतो: सन गिअर आणि स्टार गिअर (डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर), त्यांच्या मागचे वॉशर, स्टारची पिन, एक्सलच्या दाती (शाफ्टच्या टोकाच्या खाचा), जॉइंटचे क्रॉस (टोकाचे वाकणारे सांधे), स्लायडिंग दाती, गिअरबॉक्स. यातला प्रत्येक थोडाथोडा देतो आणि चाकावर सगळ्यांची बेरीज दिसते.

ही बेरीज वेगवेगळी सोडवता येते. उजवं चाक जमिनीवर, डावं उचललेलं. इंजिन बंद, गाडी टॉप गिअरमध्ये. पिनियनच्या फ्लँजवर (जॉइंट जिथे जोडला जातो त्या चकतीवर) आणि शेजारी हाउसिंगच्या नाकावर मिळून खडूची एक रेघ. क्रॉसच्या पुढे जॉइंटच्या नळीवर दुसरी खूण. एकाने चाक हळू फिरवायचं, दुसऱ्याने खाली झोपून बघायचं.

पहिलं माप: चाक किती फिरलं की फ्लँज हलायला लागतो? तेवढा प्ले हाउसिंगच्या आतला. दुसरं: फ्लँज किती हलला की नळी हलते? तो मागच्या क्रॉसचा. नळी हलल्यानंतर उरलेला सगळा पुढचा. टायरवर कागदी टेप चिकटवून शेजारी पट्टी धरा, डोळ्याने अंदाज नको. तीनदा मोजा. आणि आकडे इथे टाका.


हमरस्ता | मंगळवार, दुपारी ३:१०

काका, तुमचं बरोबर आहे. आमच्या त्या गाडीचं पिनियन बेअरिंग त्यानंतर चार महिन्यांत गेलं होतं. त्या वेळी आम्ही ऑइलला दोष दिला. आज तुमची पोस्ट वाचल्यावर जोडलं गेलं. माझा सल्ला मागे घेतो. पन्हाळी_वारा, नटाला हात लावू नका.


पन्हाळी_वारा | बुधवार, रात्री ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सुट्टी काढून शेजारच्या भाच्याला घेऊन दिवसभर हेच केलं. गाडी जागेवरून हलवलेली नाही. आकडे देतो.

डावं चाक वर-खाली धरून: खटका आहे. ब्रेक दाबल्यावर नाही. सरळ ओढल्यावर: 'टक' करून बाहेर येतं, पट्टीवर ३ मिमी. उजवं चाक ओढल्यावर हाताला काहीच कळत नाही.

फिरण्यातला प्ले, टायरच्या कडेला, टॉप गिअरमध्ये: एकूण १८ मिमी. त्यातले पहिले ६ मिमी फ्लँज जागचा हलत नाही. मग फ्लँज त्याच्या कडेवर साधारण २ मिमी फिरतो आणि तेव्हा कुठे नळी हलायला लागते. त्यानंतर फ्लँज आणि नळी एकत्र, फ्लँजच्या कडेवर अजून दीडेक मिमी. क्रॉसजवळ तोंड नेल्यावर लालसर भुकटी दिसली, कपच्या कडेला, गंजासारखी.

३ मिमीचा आकडा बघून मला रात्रीची जेवणाची इच्छा राहिली नाही. गेल्या महिन्यात याच गाडीतून बायको-मुलांना घेऊन गगनबावडा करून आलोय.


गॅरेजकट्टा | बुधवार, रात्री ९:१५

दादा, गाडी उभी केलीत, उत्तम केलंत. ३ मिमी म्हणजे रिंग सरकलेली आहे किंवा बेअरिंग फुटलंय. दोन्हींत एक्सल बाहेर काढायचाच.

लाल भुकटी हा क्रॉसचा दाखला आहे. ग्रीस संपलं की आतल्या सुया एकमेकींवर घासून त्यांचं पीठ होतं, तेच गंजून बाहेर येतं. क्रॉस नवा टाका. काढायच्या आधी जॉइंटवर आणि फ्लँजवर खूण करा, तसाच परत बसवा, नाहीतर थरथर येईल. सेंटर बेअरिंगचं (जॉइंटला मध्ये धरणाऱ्या बेअरिंगचं) रबरही त्याच वेळी बघा, फाटलं असेल तर क्लच सोडताना तेही धक्का देतं.


मोजमाप_ताई | बुधवार, रात्री ९:४०

आकडे जुळतात. फ्लँजची त्रिज्या ४ सेंमी धरली आणि क्राउन-पिनियनचं गुणोत्तर व डिफरन्शियलची दुप्पट हिशोबात घेतली तर क्रॉसचे २ मिमी टायरवर साधारण ७ मिमी होतात. म्हणजे क्रॉस बदलल्यावर १८ चे ११ च्या आसपास यायला हवेत. तसे आले नाहीत तर कुठेतरी मोजणी चुकली असं समजा आणि पुन्हा बघा.

हाउसिंगच्या आतले ६ मिमी चाळीस वर्षांच्या गाडीला वाईट नाहीत. त्यात सन-स्टार आणि दातींचा वाटा मोठा असणार. ऑइल काढताना पांढऱ्या कापडावरून गाळा. बारीक करडी माती लागली तर ती नेहमीची झीज. चमकणारे पापुद्रे किंवा बोटाला टोचणारे कण निघाले तर मात्र डिफरन्शियल उघडावं लागेल. आवाजही आठवा: ओढ देताना एक सूर आणि पाय काढल्यावर वेगळा सूर, अशी रड आहे का? नसेल तर दात एकमेकांवर नीट बसत असण्याची शक्यता जास्त.


पन्हाळी_वारा | बुधवार, रात्री १०:००

रड अजिबात नाही. फक्त खट्.


तिरफळ | गुरुवार, सकाळी ६:५०

एक भर. यू बोल्ट बघताना दोन्ही बाजूंना कमानीच्या पुढच्या डोळ्यापासून हाउसिंगपर्यंत टेपने माप घ्या. फरक आला तर सेंटर बोल्ट तुटून हाउसिंग सरकलंय. आमच्याकडे खारी हवा, बोल्ट आतून कुजतात आणि वरून दिसत नाहीत.


पन्हाळी_वारा | रविवार, संध्याकाळी ६:१५

काम झालं, सविस्तर लिहितो.

माप दोन्ही बाजूंना सारखं आलं, सेंटर बोल्ट ठीक. डावं चाक, ड्रम काढला, बॅक प्लेटचे नट काढले. एक्सल निघायला जोर लागेल म्हणून घसरत्या हातोड्याचा पुलर आणला होता. गरजच पडली नाही. दोन ठोक्यांत शाफ्ट हातात आला. इतक्या सहज तो यायला नको होता, हे मला तेव्हाच कळलं.

रिंग आणि बेअरिंगच्या मध्ये नख सहज आत जाईल एवढी फट. फीलर गेजच्या पात्या एकावर एक रचून बघितलं तर सव्वादोन मिमी. रिंग मुळात जिथे बसली होती तिथे शाफ्टवर काळपट पट्टा, आणि सरकली त्या वाटेवर आरशासारखी चकाकी. बेअरिंग हातात फिरवलं तर वाळू भरल्यासारखं. सीलची ओठी एका बाजूने चिरलेली. आधीच्या तिन्ही वेळी सील बदलणाऱ्याने ही रिंग समोर धरून तिच्यामागे नवीन सील बसवलं असणार. एकदाही कुणी रिंगकडे बोट दाखवलं नाही, आणि मी विचारलं नाही.

शाफ्ट घेऊन शिवाजी उद्यमनगरात एका टर्नरकडे गेलो. त्यांनी आधी शाफ्ट सेंटरमध्ये धरून डायल लावला, वाक नाही. मग रिंगच्या जागेचं माप घेतलं. तिथे झीज इतकी कमी होती की नवी रिंग योग्य घट्टपणात बसेल असं ते म्हणाले. जुनी रिंग ग्राइंडरने अर्धवट कापली आणि छिन्नीच्या एका घावात फोडली, शाफ्टला ओरखडाही न येऊ देता. मी गॅस कटरचं विचारलं, तर त्यांनी ठाम नकार दिला. शाफ्टला ताव लागला तर त्याचं पाणी उतरतं आणि तो पुढे पिळवटून तुटतो, असं म्हणाले. बेअरिंग जुन्यावरचा नंबर बघून घेतलं. रिंग भट्टीत गरम करून प्रेसखाली लगेच बसवली. गार झाल्यावर पुन्हा प्रेसचा दाब देऊन सरकत नाही ना, ते माझ्यासमोर तपासलं.

उजव्या बाजूला प्ले नव्हता, तरी तोही एक्सल काढला. रिंग जागेवर होती. पण तीही त्याच वयाची, म्हणून तिथेही बेअरिंग, रिंग, सील नवीन.

क्रॉस काढला तर एका कपात सुया नव्हत्याच, तांबडं पीठ. ऑइल पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावरून गाळलं: करडी माती, चमक नाही, कण नाहीत. हाउसिंग उघडलं नाही.

सगळं बसवून मोजलं. डावं चाक ओढल्यावर आता उजव्यासारखंच, हाताला कळत नाही. फिरण्यातला प्ले टायरवर ११ मिमी. ताई, तुमचा आकडा तंतोतंत आला, मी पट्टी तीनदा लावून बघितली. खट् आवाज पहिल्या गिअरला गेला. रिव्हर्सला अगदी हलका येतो.


मोजमाप_ताई | रविवार, रात्री ८:०५

वाचून फार बरं वाटलं. तो हलका आवाज हाउसिंगमधल्या ६ आणि पुढच्या दाती-गिअरबॉक्सच्या ५ मिमीचा आहे. हेच माप वहीत लिहून ठेवा, दर वर्षी त्याच पद्धतीने, त्याच गिअरमध्ये घ्या. आकडा वाढला तरच पुढचं बघायचं.


हमरस्ता | रविवार, रात्री ८:४०

पद्मिनीचे सुटे भाग अजून सहज मिळतात का? मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी बंद झाली. माझे मामा वीस वर्षं काळी-पिवळी चालवायचे. त्यांच्या वेळी कुर्ल्याला काहीही मागितलं तरी मिळायचं.


पन्हाळी_वारा | रविवार, रात्री ९:००

बेअरिंग आणि सील मापावर मिळतात, त्याला पद्मिनी लागत नाही. क्रॉस इथेच एका जुन्या दुकानात धूळ खात पडलेला मिळाला. रिंगच शोधावी लागली, ती पुण्याच्या नाना पेठेतून एका मित्राने पाठवली. दोन जास्तीच्या मागवून ठेवल्यात. कुणाला अडलं तर सांगा.


गॅरेजकट्टा | रविवार, रात्री ९:३०

दादा, पाचशे किलोमीटर झाले की दोन्ही ड्रम काढून बघा. बॅक प्लेटचे आणि यू बोल्टचे नट पुन्हा एकदा पाना लावून बघा, नव्याने आवळलेले नट जरा बसतात. आणि त्या टर्नरला माझा नमस्कार सांगा.


पन्हाळी_वारा | दीड महिन्यानंतर, शनिवार, रात्री ८:१०

काका, नमस्कार पोचवला. ५४० किलोमीटर झाले, त्यात गगनबावडा एकदा, रिकाम्या गाडीने, आणि एकदा वडिलांना घेऊन. यू बोल्टचे नट पाव फेरा आले, बॅक प्लेटचे जागेवर होते. दोन्ही ड्रम काढले. लायनर कोरडे, बॅक प्लेट कोरडी. डाव्या ड्रमच्या आत बोट फिरवलं, फक्त लायनरची काळी धूळ लागली.